डॉम्निककाकांचं दुसरं कार्ड

गेल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता, बेव्हर्ली पार्कातल्या आपल्या सोसायटीच्या गेटवर डॉम्निककाकांवर अन्याय झाला. केला मशीनने, करवला कमिटीने.

काका मूळचे उत्तनकडच्या चौक गावचे. जन्मभर कॉम्प्युटरच्या एकाच भाषेत प्रोग्रॅम लिहिले. भेटेल त्याला ते त्या भाषेतलं 'प्लस-प्लस' करतात, म्हणजे त्याचं नाव एका अक्षराने पुढे ढकलतात. मी रेश्मा, नावाचं शेवटचं इंग्रजी अक्षर ए, त्याच्यापुढे बी, म्हणून मी 'रेश्म्ब'.

"आणि मागे ढकललं तर?" मी एकदा विचारलं.

"माझ्या भाषेत अक्षरा मागं जात न्हाय, बाय. मायनस-मायनस कर, जागची हलनार न्हाय."

गेटचा जुना प्रोग्रॅम काकांचाच, त्याच भाषेतला. कार्ड टेकवून आत आलात की तुमच्या रकान्यात एक वाढायचा, बाहेर गेलात की कमी व्हायचा. त्यांच्या पत्नी एग्नेसकाकू वारल्या तेव्हा कमिटीने काकूंचा रकाना कोरा केला. शून्य नाही, कोरा. काकांच्या भाषेला तेही चालतं. कोऱ्यात एक मिळवला की एक. रोज सातला फेरी मारून आले की काका दोन कार्डं टेकवायचे. आधी स्वतःचं, मग काकूंचं. स्क्रीनवर उमटायचं: एग्नेस, आत. सकाळी सेक्रेटरी चिडून पुन्हा कोरा करायचे.

एकदा काका आणि मी खाली गेटजवळच्या बाकावर बसलो होतो. काकांच्या घरचं पार्सल आलं. नव्या वॉचमनने स्क्रीन बघितली, "मॅडम अंदर हैं," म्हणत घरी इंटरकॉम लावला. घरात कोणी नव्हतं. फोन उचलला गेला.

"कुकर की सीटी आ रही है," तो पुटपुटला आणि हळूच रिसीव्हर ठेवला.

"भात लावला आसेल," काका म्हणाले. हसले नाहीत.

रविवारी कमिटीने नवा प्रोग्रॅम बसवला, दुसऱ्या भाषेतला. कोऱ्या रकान्यात एक मिळवायला ही भाषा साफ नकार देते. काकूंचं कार्ड टेकताच लाल दिवा, भोंगा.

"सुटलात काका या खुळातून!" सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी कार्ड शर्टाला पुसलं, पुन्हा टेकवलं. भोंगा. पुन्हा.

"काका, वर चला," मी म्हटलं.

"तू जा, रेश्म्ब. ती भायेर हाय अजून."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तेव्हापासून रोज सातला हा माणूस गेटबाहेर ताटकळत उभा असतो, आणि आपण त्याच्या बाजूने गाड्या आत घेतो. लाज वाटू द्या. शनिवारच्या सभेला या, हात वर करा आणि सेक्रेटरींना ठणकावून सांगा: काकूंच्या रकान्यात शून्य भरा. शून्यात एक मिळवायला नव्या भाषेचीही हरकत नसते.