सायाळीचा काटा आन् बावन्न वेळा छान

कोन म्हनतो फुकटात वाचण्याजोगं काय मिळत न्हाई? त्यो धोंडू मेंबर? पारावर मांडी घालून सगळ्यास्नी शिकवतोय! अरं धोंडू, मोबाईलवरच्या चित्रकथेचं एक तरी पान उघडून बघितलंस का? न्हाई ना? मग तोंड मिट. काय, घरला गेला व्हय त्यो? जाऊ दे. पोरांनो, तुमी म्होरं सरका. तुमास्नीच सांगतो.

एका जंगलात टावर आला. वाघापास्नं उंदरापतूर सगळ्यांकडं मोबाईल आला. त्या जंगलात तुळसा नावाची सायाळ ऱ्हायची. अंगभर काटं. ती आपल्याच पाठीचा एक काटा उपटायची, जांभळाच्या रसात बुडवायची, आन् पळसाच्या पानावर चित्रकथा काढायची. मग त्याचा फोटू मोबाईलवर टाकायची. दर बाजाराला, म्हंजी आठवड्याला, एक पान. कुनीबी बघा, फुकट.

पर एका पानात एक काटा बोथट व्हायचा. आन् सायाळीला काटं कशापायी असत्यात, सांगा बरं? बिबट्यापायी! त्यो मेला लांब बसून तिची पाठ न्याहाळायचा.

गोष्ट मातर लई भारी. एका कासवाला पंख फुटत्यात. त्ये ढगावरल्या राज्यात जातं. तिथली राक्षसीन सगळ्यांच्या सावल्या चोरून रांजणात भरती. त्या सावल्या सोडवाया कासव निघतं.

जंगलात एक वाचक मंडळबी व्हतं. सगळं मोबाईलवर. रानडुक्कर नाना रोज सकाळी तिथं इचारायचा, "राक्षस-पऱ्यांची चित्रकथा सुचवा की कुनीतरी. फुकटची पायजे. आन् चांगली पायजे."

मग कोल्हा आबासाहेब यादी टाकायचा. 'वाचायलाच हव्यात अशा पंचवीस.' त्यात तुळसाची गोष्ट एकोनिसावी.

घोरपड पारूबाईनं एकदा इचारलं, "आबासाहेब, तुमी वाचल्या ह्या समद्या?"

"वाचत बसलो तर यादी कधी करणार, पारूबाई?"

नाना यादी जपून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारायचा, "सुचवा की काहीतरी."

पारूबाईनं मातर तुळसाचं पहिलं पान उघडलं. घोरपडीची जात ती! एकदा चिकटली की सुटती व्हय? कासवामागं ढगात गेली. राक्षसिनीला शिव्या घातल्या. एका पानावर कासव रांजणाच्या झाकणाला हात घालतं, आन् पान संपतं. पारूबाई बाजाराची वाट बघत बसली.

हिकडं तुळसाच्या पाठीवर चारच काटं उरलं व्हतं. ती मनाशी म्हनली, एवढं उपटतीया मी, कुनी बघतंय तरी का? त्या बाजाराला तिनं काटा उपटलाच न्हाई. पळसाचं नुसतं पान टाकलं. कोरं!

तासाभरात बावन्न जनांनी लिवलं, 'छान.'

नानानं लिवलं, 'काय रंग भरल्यात!'

आबासाहेबानं लिवलं, 'तुळसाबाईंची आजवरची सर्वांत प्रगल्भ कलाकृती.'

सगळ्यात खाली पारूबाईचं आलं. 'बाई, पान कोरं हाय. झाकण उघडलं का न्हाई? माझ्या घशाखाली घास उतरंना.'

मंडळात बोंबाबोंब झाली. कलाकाराचा अपमान! वातावरण बिघडवती! पारूबाईला मंडळातनं काढून टाकलं. तिच्या जाण्यावरबी बावन्न जन 'छान' म्हनलं.

तुळसा तवाच पारूबाईच्या बिळाशी गेली.

"तू एकटीच वाचतीस व्हय गं?"

"व्हय. उघडलं का झाकण?"

"शेवटाला चार पानं लागत्यात. काटं चारच हायती. आन् त्यो बघ, करवंदीच्या जाळीत बसलाय."

पारूबाईनं जाळीकडं बघितलं. पिवळं अंग, काळं ठिपकं. म्हनली, "काटं ऱ्हाऊ दे पाठीवर. चित्रं नगं काढू. आत ये आन् तोंडानं सांग."

तुळसानं बिळात बसून सांगितलं. सावल्या कशा सुटल्या, कुनाची सावली उलटी चिकटली, समदं. दोघी पोट धरून हसल्या. बिबट्या कटाळून गेला निघून.

दुसऱ्या बाजाराला पान आलंच न्हाई. तवा मंडळाला जाग आली. आबासाहेबानं ती गोष्ट यादीत एकोनिसावरनं पहिल्या लंबरावर नेली. वर लिवलं, 'अकाली थांबलेलं अजोड काम.' नाना पळत पारूबाईकडं आला.

"पारूबाई, शेवट ठावं हाय म्हनं तुमाला? दोन ओळीत टाका की मंडळात."

"मला काढलंय मंडळातनं."

"मग मला सांगा."

"सांगते की. पर आधी तू सांग, कासवाला पंख कशानं फुटलं? पहिल्याच पानावर हाय."

नानानं मोबाईल बघितला. आभाळ बघितलं. मग म्हनला, "यादीत न्हाई बा त्ये," आन् गेला.

सकाळी मंडळात पुन्हा त्याचाच निरोप, 'सुचवा की काहीतरी.'

तात्पर्य : शान्यानं फुकटची चित्रकथा कधी वाचू नये. वाचली की म्होरल्या पानाचा घोर लागतो, खरं बोलावं लागतं, आन् मंडळातनं नाव कटतं. यादी जपावी, 'छान' लिवावं, आन् चांगलं काय मिळत न्हाई म्हनून रडत बसावं.

हसताय काय रं दात काढून? तुमच्याबी मोबाईलात जपलेल्या याद्या हायतीच की. काढा मोबाईल. कुठलंबी एक नाव दाबा. पहिल्या पानापास्नं वाचा. आत्ता. माझ्याम्होरं.