बबनराव वगळून

"या ओळीत 'बबनराव' असं लिहिलंय. ही कापसाची जात आहे का?"

सांगलीच्या आकांक्षाचा हा प्रश्न निकेशने आर्वीतल्या आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून वाचला, आणि हातातला चहा तसाच गार झाला. 'भावपाटी' नावाचा छोटा प्रोग्राम तो सांभाळत असे. बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी येणाऱ्या मेसेजमधून माल आणि भाव तेवढे वेचून तो शेतकऱ्यांच्या फोनवर दाखवी. हे वेचायचं काम एकट्या एका लांबलचक ओळीचं. तिला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात, पण दिसायला ती कीबोर्डवरून कोंबडी चालत गेल्यासारखी होती. सगळं ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वाचावं, कोणीही फुकट वापरावं. आकांक्षाने ते हळदीसाठी घेतलं होतं. फुकटच्या मालाची चौकशी नेहमी जास्तच होते.

ओळ निकेशने लिहिलेली नव्हती. ती आधी भावपाटी सांभाळणाऱ्या दिपालीताईची. नागपूरला नोकरीला जाताना "चालून राह्यली तोवर हात लावू नको" एवढंच सांगून तिने ती त्याच्या गळ्यात घातली होती. बबनराव म्हणजे तिचे वडील, कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले. पोरीने चाचणीसाठी बापाचं नाव टाकलं असेल आणि काढायला विसरली असेल, असा तर्क करून निकेशने ते खोडलं. आकांक्षाला ऐटीत कळवलं, "जुना कचरा होता, साफ केला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर कापसाचा भाव झळकला, क्विंटलला बारा हजार.

दुपारच्या आत रोहण्याचे तानबामामा दुकानात उभे. पाटी सख्ख्या भाच्याची म्हणून त्यांनी ती गावभर सगळ्यांच्या फोनवर चढवून दिली होती.

"भाचेबुवा, बारा हजार कोण देऊन राह्यला, त्याचं तोंड दाखव मले."

"मामा, बाजारात किती म्हणतात?"

"साडेसात. घरात कापसापायी खाटेले जागा नाई, तरी भावासाठी थांबलो होतो. आता अर्धं रोहणा टेम्पो घेऊन बाजाराच्या गेटवर उभं हाय, अन् सारे माह्याच तोंडाकडे पाहून राह्यले."

निकेशने घाईघाईने गट उघडला. बबनरावांचा मेसेज होता, "आज कापूस बारा हजार." कालही तोच होता, परवाही तोच. त्याच्या खांद्यावरून मामांनीही तो वाचला आणि ते तडक बबनरावांच्या घराकडे निघाले.

निकेशने चालता चालता दिपालीताईला फोन लावला. "ताई, काकांचं नाव काऊन टाकलं होतं?"

"काढलं का तू?"

"काढलं."

"अरे, बाबा रोज भाव टाकतात. भेटते तो नाई, भेटाले पाहिजे तो. बियाणं, खत, वेचाईची मजुरी, सारा हिशोब धरून. गटातले लोक वाचतात, हासतात अन् कामाले लागतात. मशीनले हासता येत नाई, म्हणून मी त्यायले वगळलं."

"मंग कारण काऊन नाई लिहिलं?"

"सारं जग वाचते ते. काय लिहू? माह्या बापाचं आयकू नका? बाबाले कळू देजो नको, निकेश. लय मनाले लावून घेतीन."

कापूस आज ना उद्या विकला जाईल, पण म्हाताऱ्याचं मन मोडलं तर ते कोणत्या ओळीने जोडायचं?

तो धापा टाकत पोचला तेव्हा ओसरीवर मामा आणि बबनराव बशीने चहा पीत होते.

"ह्यायचा हिशोब बरोबर हाय," मामा म्हणाले. "बाराच भेटाले पाहिजे. वेचाई तर म्या धरलीच नोती."

बबनरावांनी बशी खाली ठेवली. "निकेश, इतके वर्सं भाव टाकून राह्यलो, पाटीवर आज पहिल्यांदा आला. काऊन?"

निकेशने ते स्वतःवर घेतलं. "काका, तुमचं नाव वगळलं होतं. मीच."

"खोटं नको बोलू. माह्या हिशोबात हात घालाची हिंमत या घरात एकाच पोरीत हाय." म्हातारा मिशीत हसत होता, आणि त्यात अभिमानच जास्त होता. "वगळ. हे पाह्य, माह्यापायी लोकायले हेलपाटा नको. पण कारण लिही बावा. कारण न सांगता वगळलं, का मानसाले लागते."

निकेशला एकदम हलकं वाटलं. त्याने तिथेच ओसरीवर बसून नाव परत घातलं, आणि बबनरावांनी सांगितलं तसं शेजारी लिहिलं, 'यांचा भाव मिळत नाही, पण मिळायला पाहिजे. म्हणून वेगळा ठेवावा.' मामांच्या हट्टावरून तो भाव पाटीवर खाली वेगळा दाखवायचंही ठरलं. मग मामांनी गेटवर जाऊन साडेसातने कापूस दिला. रात्री खाटेवर पाय पसरून झोपता येईल, याचंच त्यांना समाधान होतं.

आता लोक पाटी उघडतात आणि आधी खालची ओळ वाचतात.

आकांक्षाचं उत्तर मात्र त्याच संध्याकाळी आलं होतं. "कारण वाचलं, समजलं. आमच्या हळदीच्या गटावरही असे एक जण आहेत. माझे सासरे. त्यांना वगळायची ओळ मी लिहिते, कारण तेवढं तुम्ही लिहून द्याल का?"