‘आणि’चा घोळ

सासूबाईंची रोपवाटिका आठवडाभरात शहाणी करून दाखवतो, असं जावयानं जेवताना जाहीर केलं, तेव्हा बायकोनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि भाजी वाढली. तो प्रोग्रामर. पाण्याचे नळ संगणकाला जोडणं त्याला किरकोळ वाटत होतं. खरा डौल पुढेच होता: सासूबाईंनी कोड शिकायचा नाही, साध्या मराठीत हुकूम लिहायचा. त्यासाठी तो खास त्यांच्यापुरती एक छोटी भाषा करणार होता!

अख्खी भाषा मुळापासून उभी करायला वर्ष गेलं असतं. म्हणून त्यानं ती आपल्या रोजच्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पोटातच वसवली. वर शब्द मराठी, आत राबणारी ती मोठी भाषा. ‘गुलाब, पाणी, दहा मिनिटं’ असं लिहून बघितलं, फवारा उडाला, आणि स्वारी हवेत तरंगायला लागली.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘गुलाब आणि शेवंती आणि झेंडू, पाणी, दहा मिनिटं.’ संध्याकाळी गुलाब मलूल. त्यांनी तोच हुकूम पुन्हा दिला. मग पुन्हा. झारी उचलावी असं मनात येत होतं, पण जावयानं एवढ्या हौसेनं केलेल्या कामावर अविश्वास दाखवणं त्यांना बरं वाटेना. तिसऱ्या दिवशी गुलाबांनी माना टाकल्या आणि झेंडूच्या वाफ्यात बेडूक राहायला आले. गुलाबाची तीनशे रोपं न्यायला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

जावई धावत आला. हुकूम वाचला आणि घोळ त्याच्या लक्षात आला. ‘आणि’ हा शब्द त्यानं मोठ्या भाषेकडून आयता घेतला होता. त्या ‘आणि’ला सगळ्यांना बरोबर न्यायचं ठाऊकच नव्हतं, आधीचे हजर आहेत एवढं बघून तो शेवटच्यालाच पुढे पाठवायचा. सगळं पाणी झेंडूला! आणि मोठ्या भाषेचा तो स्वभाव बदलायची सोयही नव्हती.

“आई,” तो चाचरत म्हणाला, “माझ्या भाषेत ‘आणि’ म्हणायचं नाही. स्वल्पविराम द्यायचा.”

सासूबाईंनी झारी त्याच्या हातात दिली.

“बरं. मग मी माझ्या भाषेत सांगते. सगळ्या गुलाबांना पाणी घाला, आणि शेवंतीला घाला, आणि मग जेवायला या.”

जावयानं तिन्ही कामं केली. तिसरं दुपारी साडेतीनला. तोवर गुलाबांनी माना वर केल्या होत्या; त्याची मान मात्र अजून ताटावर खालीच होती.