पाठीवर दार घेतलेला बंडोपंत

परदेशी सिनेमातलं मला सगळं कळतं! आमच्या घोटावड्यात परदेशी सिनेमावर मत असणारा माणूस एकच. मी, रत्नदीप. नोकरी कंपनीच्या डिस्पॅचमध्ये, पण नजर जागतिक!

माझे काही ठोकताळे आहेत. सिनेमा सुरू होऊन बराच वेळ कुणी तोंडच उघडलं नाही, की समजायचं याला बक्षीस मिळालंय. बाई खिडकीतून बाहेर बघायला लागली, की संसार मोडणार. फ्रेंच माणसं भरल्या ताटावर भांडतात आणि ताट तसंच टाकून उठतात. माझा पुढचा सगळा सिनेमा त्या ताटांच्या काळजीत जातो. आणि शेवट? तो नसतोच! माणूस रस्त्यानं चालत सुटतो, कुणाकुणाची नावं येतात, आणि आपण "व्वा!" म्हणून उठायचं.

ही विद्या मला माझ्या मुलीमुळं मिळाली. किमया लवळ्याला कॉलेजात सिनेमाचं शिकते. तिथल्या फिल्म क्लबला पालकांनाही येऊ देतात. एकदा चर्चेत मी उठलो आणि ठणकावून सांगितलं, "सबटायटल म्हणजे कुबड्या! चांगल्या सिनेमाला भाषा लागतच नाही!" पोरांनी बाकं बडवली. माझा घात त्या बाकांनी केला.

घरी मात्र माझ्या मतांना गिऱ्हाईक नव्हतं. माझे वडील कोंडीराम, त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांना मी एकदा सांगितलं, "आबा, आज स्वतंत्र सिनेमा बघितला."

"सोतंत्र म्हंजी? बाकीचे काय गुलाम हायेत?"

असं म्हणून ते परत मोबाइलमध्ये शिरले. आबा दिवसभर रील बघतात. आतल्या खोलीत आई, म्हणजे अनुसयाबाई, मालिका बघते. तृप्ती, माझी बायको, स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून कसलेतरी केक बघते. चौथा मोबाइल माझा. घर एक, पडदे चार! एकाच वेळी एका घरात कुणी हसतंय, कुणी रडतंय, आणि कुणाला विचारायची सोय नाही की बाबा, झालं काय?

हेच आबा एके काळी आमच्या वस्तीचे सिनेमामंत्री होते. जयंतीला समाजमंदिरापुढं दोन चादरी शिवून पडदा लागायचा. मशीन पौडाकडून यायचं. पोती, गोधड्या, घमेली, जे मिळेल ते अंथरून किंवा पालथं घालून माणसं बसायची. पुढं जागा संपली की पडद्याच्या मागं! आई कायम मागं बसायची. त्यामुळं तिच्या लेखी त्या काळचे सगळे हिरो डावखुरे होते, आणि आजही ती हे मान्य करत नाही की तसं नव्हतं. आबा पडद्याशेजारी उभे राहून म्हाताऱ्यांना हिंदी डायलॉग मराठीत सांगायचे. व्हिलन काही बोलला की आबा ओरडायचे, "त्यो म्हनतोय, जमीन दे न्हाईतर पोरगी दे!" आणि सगळी वस्ती त्याच्या नावानं बोटं मोडायची. मशीन मध्येच बंद पडलं तरी कुणी उठायचं नाही. पुढं काय होणार यावर भांडणं चालायची, ती सिनेमापेक्षा भारी!

म्हणून किमया जेव्हा म्हणाली, "पप्पा, आमच्या मृण्मयी मॅडमनी प्रोजेक्ट दिलाय. आपल्या गावात परदेशी सिनेमा दाखवायचा, आणि लोकांना तो शेवटपर्यंत बघायला लावायचा. यावर माझं वर्ष अवलंबून आहे," तेव्हा मला पोरीच्या लग्नाइतका आनंद झाला.

"दाखवू की! समाजमंदिरात दाखवू!"

"पण सबटायटल इंग्रजीत आहेत. आजीला, चंद्राबाईंना कसं कळणार?"

"मी आहे ना! ओळ आली की वाचायची आणि मराठीत सांगायची. आबांचंच रक्त आहे!"

रविवारी संध्याकाळी समाजमंदिर भरलं. मंडपवाल्याचा प्रोजेक्टर, भिंतीला पांढरी चादर. आई मागं बसायची जागा शोधत होती. भिंतीच्या मागं बसता येत नाही हे तिला पटवायला वेळ गेला. चंद्राबाई शेंगा घेऊन अगदी पुढं बसल्या. ही बाई गावच्या ग्रामसभेत सरपंचाला घाम फोडते. नव्या सोसायटीतले बंडोपंतही सपत्नीक आले. बँकेतून रिटायर झालेले, सोलापूरकडचे, इस्त्रीचा सदरा, पहिल्या रांगेत खुर्ची. मृण्मयी मॅडम तेवढ्या पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "सुरू करा."

सुरू केलं. काळापांढरा सिनेमा. बर्फच बर्फ. त्यातून एक म्हातारा पाठीवर लाकडी दार घेऊन चाललाय. समोरून एक माणूस आला. दोघं काहीतरी बोलले. मी खालच्या ओळीची वाट बघत होतो.

ओळ आलीच नाही.

किमयाचा चेहरा चादरीसारखा पांढरा! ती माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, सबटायटलची फाइल लॅपटॉपमध्येच राहिली! पेनड्राइव्हवर नुसता सिनेमा आलाय!"

"मग लॅपटॉप?"

"होस्टेलवर!"

"भाषा कुठली आहे?"

"माहीत नाही! थंडीकडची!"

तेवढ्यात चंद्राबाई ओरडल्या, "ये रत्नदीप! काय म्हनतोय त्यो म्हातारा? का मुका झालास?"

किमयानं माझा हात धरला. तिचं वर्ष माझ्या जिभेवर होतं. शिवाय सिनेमाला भाषा लागत नाही असं कोण म्हणालं होतं? मीच!

मी घसा खाकरला. "हा म्हातारा... याचं नाव..." नाव सुचेना! समोर पहिल्या रांगेत नजर गेली. "याचं नाव बंडोपंत!"

खऱ्या बंडोपंतांनी दचकून चष्मा काढला.

"योगायोग!" मी म्हणालो. "तिकडं हे नाव फार चालतं."

"पन दार कशाला घेतलंय पाटीवर?" चंद्राबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मलाही पडला होता. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याचं गाव धरणात गेलं. घर पाण्याखाली गेलं. निघताना त्यानं आंब्याच्या लाकडाचं दार तेवढं काढून घेतलं. आता दाराला घर शोधतोय."

चंद्राबाईंचा शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. आईच्या आजीचं गाव मुळशीच्या धरणात गेलेलं. आईनं ते बघितलेलं नाही, पण पाणी उतरलं की काठावर उभं राहून ती कुठं काय होतं ते हातानं दाखवते. अंधारात मला तिच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं. डोळ्याला पदर लावत होती.

मला जोर चढला! बर्फातला माणूस झाला तलाठी. कुत्रा झाला गावचा राखणदार. दोन पोलीस दिसले, ते झाले पुनर्वसन खात्याचे. लोक तलाठ्याला शिव्या घालत होते. खरे बंडोपंतही ताठ बसले होते. धरणग्रस्तांचा नायक होणं त्यांना मानवलं असावं.

मग एका घराचं दार उघडलं. बाईनं म्हाताऱ्याला आत घेतलं, वाफाळता वाडगा दिला.

"ही त्याची बहीण!" मी जाहीर केलं. "किती वर्षांनी भेटली बघा!"

आयाबायांनी सुस्कारे सोडले. बहिणीनं म्हाताऱ्याच्या गालावरून हात फिरवला. मग ती जवळ आली. आणखी जवळ आली. आणि तिनं त्याच्या तोंडावर तोंड ठेवलं!

"आरं ये!" चंद्राबाईंच्या मांडीवरच्या शेंगा उडाल्या. "भैन न्हवं का ती?"

"बंद करा! बंद करा!"

"बहीण नाही! बहिणीसारखी दिसणारी!" मी ओरडलो. "ती त्याची... पहिली बायको! हरवलेली! आत्ता ओळख पटली!"

पहिल्या रांगेत बंडोपंतांच्या पत्नीनं सावकाश मान वळवली. "पहिली बायको? कोण हो ही?"

"अगं, मला काय विचारतेस? मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही!"

"मग घाम का फुटलाय?"

त्यांचं मिटवेपर्यंत म्हातारा परत वाटेला लागला होता. मी सांगत होतो की बायको तिचं गाव सोडायला तयार नाही. आता सिनेमा संपत आलेला. माळरानावर म्हाताऱ्यानं दार उतरवलं. मी आवाज चढवला, "इथं तो नवं घर बांधणार! दार उभं करणार!"

म्हाताऱ्यानं कुऱ्हाड काढली, दाराचे तुकडे केले आणि पेटवून दिले.

 एवढा वेळ माणसांनी जे दार त्याच्याबरोबर पाठीवर वाहिलं, ते पेटलं होतं! मागून कुणीतरी म्हणालं, "जाळतोय का रं?" आईचा हुंदका ऐकू आला. किमया माझ्याकडं बघत होती. मला एक शब्द सुचेना.

तेव्हा आबा उठले. गुडघ्यावर हात टेकत पुढं आले आणि चादरीच्या बाजूला उभे राहिले. कैक वर्षांनी!

"जाळू दे," ते म्हणाले. "थंडी किती हाय बघा की. दार मागून करता येतं. आदी मानूस जगला पायजे."

पडद्यावर म्हाताऱ्यानं विस्तवापुढं हात धरले. आबांनीही धरले. नावं सुरू झाली. कुणी उठलं नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मंडपवाल्याला वाटलं प्रोजेक्टर फुटला!

दिवे लागले. दारात चपलांच्या ढिगाशी मृण्मयी मॅडम उभ्या होत्या. मधेच कधीतरी आल्या होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काका," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो चोर आहे."

"कोण?"

"म्हातारा! दार शेजाऱ्याचं आहे, चोरलेलं. ती बाई शेजाऱ्याची बायको. पोलीस चोरीच्याच तपासाला आलेत. तुम्ही चोराला धरणग्रस्त केलंत!"

मला जमीन दुभंगून हवी होती. पण मॅडम मनानं चांगल्या. म्हणाल्या, "लोक शेवटपर्यंत बसले, हे मी बघितलं. पण किमया, मार्क हवे असतील तर खरा सिनेमा दाखवावा लागेल. पुढच्या रविवारी, सबटायटलसकट."

पुढच्या रविवारी दुप्पट गर्दी! शेजारच्या वाड्यांवरनं माणसं आली. बंडोपंतांनी सोसायटीतल्या निम्म्या लोकांना "माझा सिनेमा आहे" म्हणून आणलं होतं. लॅपटॉप लागला, ओळी उमटल्या. यावेळी किमया स्वतः उभी राहिली आणि नेमकं भाषांतर करायला लागली. "हा माणूस चोर आहे. त्यानं शेजाऱ्याचं दार चोरलंय."

बंडोपंत खुर्चीवरून उठले. "चोर? कोण चोर? मी बँकेत सगळी नोकरी केली, कुणी बोट दाखवलं नाही!"

"खोटाय ह्यो पिच्चर!" चंद्राबाई गरजल्या. "गोष्ट बदललीया! पयला खरा हुता!"

"पण आजी, खाली असंच लिहिलंय..."

"लिवनारा काय देव हाय का? आवाज बंद कर त्याचा! आनि तुज्या बापाला उभा कर!"

किमयानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी हसून मान हलवली. आवाज बंद झाला. लोकांनी माझ्या नावाचा पुकारा केला! मी केसांवरून हात फिरवला, ऐटीत पुढं गेलो आणि सुरुवात केली. "हे बंडोपंत. गाव धरणात गेलं. निघताना त्यांनी सागाचं दार..."

"आंब्याचं!" सगळ्या हॉलनं एकदम सांगितलं.

"हां, आंब्याचं. मग वाटेत भेटला ग्रामसेवक..."

"तलाठी!"

"आनि कुत्र्याचं इसरलास!" आई म्हणाली. माझी आई! "त्यो राखनदार हाय. तलाठी झाला की कुत्रं, मग पोलीस."

मी कुत्र्याकडं वळेपर्यंत पडद्यावर पोलीस आले होते, आणि त्यांच्याबद्दल एका कोपऱ्यातून आबा सांगत होते, दुसऱ्या कोपऱ्यातून चंद्राबाई, आणि मधून बंडोपंत खुर्चीवर उभे राहून पुनर्वसन खात्याला जाब विचारत होते. शेजारच्या वाडीतली माणसं नवीन प्रश्न विचारत होती आणि आमची माणसं त्यांना जुन्या जाणकारासारखी उत्तरं देत होती. मॅडम मोबाइलवर सगळं टिपत होत्या. बायको भेटायचा प्रसंग तर बंडोपंतांच्या पत्नीनंच सांगायला घेतला, आणि त्यात तिनं पहिल्या बायकोला असं काही झापलं की म्हाताऱ्यानं वाडगा तसाच टाकून निघायला हवं होतं!

मी मध्येच काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"रत्नदीप," चंद्राबाई म्हणाल्या, "तुला न्हाई येत. खाली बस."

मी खाली बसलो. आईच्या शेजारी, गोधडीच्या कडेला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "आई, आता पुढं काय?"

"गप," ती म्हणाली. "बघू दे."

मग काय, गप्प बसलो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, जागा राहून पूर्ण बघितलेला हा माझा पहिलाच परदेशी सिनेमा!