गळ्यापासून वर, गळ्यापासून खाली

आरोग्याचा खर्च सरकारने करायचा की ज्याचा त्याने, हा वाद देशात अकरा वर्षं चालला आणि अखेर दोन्ही पक्षांचं समाधान होईल असा तोडगा निघाला. माणसाचे दोन भाग करण्यात आले. गळ्यापासून वर सरकारी, गळ्यापासून खाली खाजगी. कारणंही पटण्याजोगी होती. डोकं मत देतं, तेव्हा ते चालू ठेवणं सरकारचं काम. पोट मात्र प्रत्येकाने स्वतःच्या हौसेने वाढवलेलं असतं. ज्यांची डोकी दुखत होती ते म्हणाले, बरं झालं. ज्यांची पोटं भरलेली होती ते म्हणाले, फारच बरं झालं.

इस्पितळ एकच राहिलं. व्हरांड्यात मधोमध पिवळा पट्टा मारला, एवढंच. पट्ट्याच्या डावीकडे सरकारी खिडकी आणि तिच्यात चष्मा कपाळावर चढवून तोच शोधणारा कारकून. उजवीकडे खाजगी काउंटर आणि त्यावर हसण्याचा पगार घेणारी बाई.

एका सकाळी एका शिंप्याच्या गळ्यात टाचणी अडकली. ओठांत टाचण्या धरून काम करायची त्याची वीस वर्षांची सवय. चार टाचण्या तोंडात असताना शिंक आली. तीन बाहेर उडाल्या, चौथीने आतला रस्ता धरला आणि अर्ध्यात मुक्काम केला. बायकोने त्याला होता तसा उठवला आणि इस्पितळात आणला. खांद्यावर मापाची टेप, हातात खडू.

"भाऊ, यांच्या गळ्यात टाचणी अडकलीय," ती खिडकीत म्हणाली.

"गळा आमच्याकडे नाही, वहिनी. गळ्यापासून वर म्हणजे गळा सोडून वर."

ती पट्टा ओलांडून उजवीकडे गेली. तिथली बाई हसली. "गळ्यापासून खाली, मॅडम. म्हणजे गळा सोडून खाली."

"मग गळा कुणाचा?"

"छान प्रश्न आहे," बाई म्हणाली आणि आणखी थोडं हसली.

शिंप्याने खडूने काउंटरवर लिहिलं, 'टोचतंय'. बाईने ते पुसून घेतलं.

"अहो, आवंढा गिळू नका हं!" बायको ओरडली. "खाली सरकली की खाजगी होईल. आपलं कार्ड फक्त डोक्याचं आहे!"

आता माणसाला आवंढा गिळू नको म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. शिंपी डोळे वटारून, मान ताठ करून उभा राहिला. मंत्र्याच्या तसबिरीसारखा.

कारकुनाला दया आली. तसा तो मनाने वाईट नव्हता, नियमाने होता. "वहिनी, कान लिहू का? गळ्यावाले सगळे कानच लिहितात." मग कान लिहिला. कान तपासला. दोन्ही कान उत्तम असल्याचा दाखला तीन प्रतींत मिळाला. एक्स-रेसुद्धा कानाचाच निघणार होता, पण काढणाऱ्याचा हात जरा हलला आणि चुकून टाचणी दिसली. टोक वर, डोकं खाली.

कारकुनाने फोटो उजेडात धरला. "टोक आमच्याकडे येतंय. डोकं पलीकडे."

"डोकं सरकारीच ना? नियमच आहे तुमचा!"

"माणसाचं, वहिनी. टाचणीचं नाही."

"बरं, टोक तरी काढा!"

"टोक काढलं तर डोकंही येईल मागोमाग. ते बेकायदा होईल."

डॉक्टर तरी आहेत कुठे, असं तिने विचारलं. डॉक्टर दोन्ही बाजूंचे वरच्या मजल्यावर सभागृहात होते. योजनेला वर्ष झाल्याबद्दल तिथे चर्चासत्र चालू होतं. विषय तोच, सरकारी की खाजगी. बायकोने नवऱ्याचं मनगट धरलं आणि ती जिना चढली.

सरकारी डॉक्टर सांगत होते की खाजगीवाले लोकांना लुटतात. खाजगी डॉक्टर सांगत होते की लुटायला निदान जिवंत ठेवावं लागतं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडत होत्या. तेवढ्यात दार उघडलं आणि बायकोने सगळी हकिकत एका दमात सांगितली.

अध्यक्ष गंभीर झाले. "मूलभूत मुद्दा आहे. गळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरलेलंच नाही. गळ्याचा कुणी जाणकार आहे का इथे?"

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"हे आहेत की!" बायको म्हणाली. "वीस वर्षं गळेच कापतायत!"

सभागृहात आदराची शांतता पसरली. पहिल्या रांगेतल्या अनेकांना वाटलं, आपल्याच धंद्यातला दिसतोय.

"कपड्यांचे हो!" तिने खुलासा केला.

शिंप्याची जागच्या जागी तज्ज्ञ सदस्य म्हणून नेमणूक झाली. त्याचे उपचार हे त्याच्याच अहवालानंतर होतील, असं ठरलं. नमुना म्हणून अध्यक्षांनी स्वतःचा गळा पुढे केला. "घ्या माप! वर ओळ, खाली ओळ. देशाचा प्रश्न सुटू दे."

"जरा खाली घ्या ओळ," खाजगी डॉक्टर म्हणाले.

"वर, वर!" सरकारी डॉक्टर ओरडले.

शिंप्याने टेप उलगडली. पण अध्यक्षांच्या गळ्यात ओळखपत्राची फीत होती. त्याने ती उचलून बाजूला केली. कार्डावर लिहिलं होतं, 'सरकारी विभाग, मानद सल्लागार'. तरी माप बसेना. कॉलरच्या आत आणखी एक फीत लागली. ती ओढली. कार्डावर लिहिलं होतं, 'खाजगी विभाग, भागीदार'. फोटो त्यांचाच. फक्त दुसऱ्यात ते जास्त हसत होते.

शिंप्याने एक कार्ड बघितलं. दुसरं बघितलं. मग अध्यक्षांचा चेहरा बघितला. पोटातून काहीतरी उसळलं, छातीत गडगडलं आणि तो असा हसला, असा हसला, की ठसका लागला आणि टाचणी सुटून थेट अध्यक्षांच्या कोटात जाऊन रुतली. दोन्ही कार्डांच्या बरोबर मध्ये.

"निघाली!" बायको रडत रडत हसायला लागली. शिंप्याने सकाळपासूनचा पहिला आवंढा गिळला. सगळ्या अंगाने गिळला.

"तोंडावाटे निघाली," सरकारी डॉक्टर लगेच म्हणाले. "सरकारी यश."

"ठसका छातीतला होता," खाजगी डॉक्टर म्हणाले. "बिल पाठवतो."

अध्यक्षांनी टाचणी उपटली आणि तिथेच ठराव मांडला. गळा यापुढे स्वावलंबी राहील. त्यावर एकमेव मान्यताप्राप्त उपचार म्हणजे हसणं. प्रत्येक नागरिकाला वर्षातून एकदा, मोफत. सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. शिंपी आणि त्याची बायको तेवढी जिना उतरत होती.

हा उपचार वाटण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. वाचताना तुम्ही कुठेतरी हसलात, त्याची नोंद झाली आहे. तुमचा गळा या वर्षापुरता बरा झालेला आहे. आता पुढच्या वर्षापर्यंत काही अडकलं, तर कान लिहा.