बोरसे भाऊंचं बाकडं

आमचे शेजारी बोरसे भाऊ लाकूड चाटून बघतात. थट्टा नाही करत मी. वखारीतल्या माणसाने फळी पुढे केली की आधी वास घेतील, मग नखाने खरवडतील, मग इकडे-तिकडे बघून हळूच जिभेचं टोक लावतील. एकदा मी बरोबर होते. वखारवाला म्हणाला, "काय बाबा, मीठ कमी पडलं का?" भाऊंनी हसायचं नाव नाही. "कडू लागलं तर किडा खात नाय," म्हणाले.

मी म्हटलं, "मग कडुनिंबाचंच घ्या की."

"ते तडकतं."

"मग साग घ्या."

"सागाच्या नावाखाली सालीजवळचं पांढरं गळ्यात मारतात, ताई. गाभा कोण देतो?"

"मग घ्यायचं तरी काय?"

"तेच तर!"

हे 'तेच तर' आता तीन पावसाळे चाललंय. आणि करायचं काय, तर एक बाकडं. आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत जिन्यासमोर, उघड्यावर ठेवायचं, तीन माणसं बसतील एवढं. राजवाडा नाही की काही नाही.

बाकड्याची गोष्ट सुमनपासून सुरू होते. सुमन म्हणजे भाऊंची बायको, माझी मैत्रीण. रोज पाच वाजले की ती मीटरच्या पेटीखालच्या पायरीवर घोंगडीची घडी टाकून मेथी निवडायला बसायची. वर जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्यापाशी दोन मिनिटं टेकायचा. कोणाची सून, कोणाचं पोट, कोणाचा गॅस संपला, सगळं तिला ठाऊक. पुढे तिचे गुडघे गेले. पायरीवरून उठताना माझा हात धरायची आणि वर खिडकीकडे बघून ओरडायची, "अहो, एक बाकडं करा! मी मेल्यावर करू नका!" भाऊ तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला, पाळीवरून नुकते घरी आलेले असायचे. ते वरून म्हणायचे, "रिटायर झालो की पहिलं काम तेच."

रिटायर झाले आणि त्याच वर्षी सुमन गेली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊ मला म्हणाले, "ताई, आता असं बाकडं करतो, की मी गेलो तरी ते सडणार नाय." मी डोळे पुसले आणि मनात म्हटलं, महिनाभरात होईल. मला काय माहीत, मी कोणाशी बोलतेय ते!

हा माणूस वीजकेंद्रात बत्तीस वर्षं एकच काम करत होता. प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची चकती लावायची आणि कोणता कुठला ते तिच्यावर ठोकायचं. ती सवय घरीही आली. त्यांच्या छत्रीला चकती, सिलिंडरला चकती. सुमनच्या पोळपाटाला मागून चकती, तिच्यावर खिळ्याने टिंब टिंब ठोकून 'पोळपाट' असं लिहिलेलं. सुमन म्हणायची, "मी काय त्याला परात समजणार होते?"

तर अशा माणसाने परीक्षा मांडली. जिन्याशेजारच्या कंपाऊंडवर लाकडाचे अकरा तुकडे ओळीने ठेवले. साग, शिवण, बाभूळ, कडुनिंब, आंबा, जांभूळ आणि आणखी कसली कसली. प्रत्येकावर खडूने नाव, पुसलं की भाऊ परत गिरवायचे. ऊन, वारा, पाऊस खाऊ द्यायचा, टिकेल त्याचं बाकडं. कोणी काही सांगायला गेलं की भाऊंचं एकच, "हे मला नका सांगू, पावसाला सांगा."

लोकांनी सांगायचं थोडंच सोडलं! दूधवाला म्हणाला, जांभूळ, पाण्यात शंभर वर्षं राहतं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई म्हणाल्या, आंबा स्वस्त पडेल. त्यावर तळमजल्याचे गायकवाड म्हणाले, "आंबा सरणाला चालतो, बाई, बसायला नाही." दिंडोरीहून माझा मावसभाऊ द्राक्षं घेऊन आला, तोही पेटी हातात धरून कंपाऊंडपाशी अर्धा तास उभा. म्हणे, लाकूड कुठलंही घ्या, मातीला टेकलं तिथेच सडतं, बागेतल्या खांबांचं बघतो ना मी, पाय दगडावर ठेवा. भाऊंनी ते वहीत लिहून घेतलं आणि लगेच विचारलं, "दगड कुठला?" मावसभाऊ माझ्याकडे बघायला लागला.

मधे बाभळीचं प्रकरण झालं. एका सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या नळांना चहासारखं पाणी. माझ्या पांढऱ्या चादरी बघवेनात. सेक्रेटरी कुलकर्णी खालच्या टाकीचं झाकण उघडून बघतात तर आत बाभळीचा ओंडका, दोरीला बांधलेला. भाऊ शांतपणे म्हणाले, "बाभूळ पाण्यात मुरवावीच लागते. गावाकडे गाडीचं लाकूड वर्षभर विहिरीत टाकतात."

"अहो, पण ही पिण्याच्या पाण्याची टाकी आहे!"

"मग विहीर कुठे हाय सोसायटीत? दाखवा."

कुलकर्णींनी स्वतःच ओंडका ओढून बाहेर काढला. टाकी मात्र दोनदा धुवावी लागली.

आणि यंदा तर कहर झाला. भाऊंनी जाहीर केलं की परत गिरवायच्या आधीच पावसाने खडू धुवून नेला, कोणता तुकडा कसला ते आता त्यांनाही सांगता येत नाही. अकरा तुकड्यांपैकी पाच फाटले, तीन किड्यांनी पोखरले, दोन धनुष्यासारखे वाकले. एकच ठणठणीत राहिला. पण तो कसला? उन्हापावसात सगळी लाकडं राखेच्या रंगाची होतात. गायकवाड म्हणाले साग. जोशीबाई अजूनही आंबाच म्हणत होत्या. दोन सुतार येऊन गेले. एक म्हणाला शिवण, दुसरा शिवण सोडून काहीही. माझ्या डोक्याचा तर पार भुगा झाला, सकाळी साग वाटायचं, संध्याकाळी बाभूळ.

शेवटी कुलकर्णी वैतागले. "पुरे झालं, भाऊ. रविवारी मीटिंग आहे. तोवर तुमचं लाकूड ठरलं नाही, तर आपण सिमेंटचं तयार बाक आणतोय. मागे वहिनींचं नाव टाकू, यांच्या स्मरणार्थ म्हणून."

भाऊंचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाले, "सिमेंट तापलं की त्यावर पापड भाजतील, ताई. ती बसली असती का?"

मी ठरवलं, आता आपणच याचा निकाल लावायचा. सुमनचं बाकडं सिमेंटचं होऊ द्यायचं नाही. माझ्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री देवळाली गावात आहे, नुसतं हाताने लाकूड ओळखतो. शनिवारी दुपारी भाऊ गिरणीत दळण टाकायला गेलेले बघून मी पिशवी घेऊन कंपाऊंडपाशी गेले. तो ठणठणीत तुकडा उचलला, पिशवीत घालताना उलटा झाला.

खालच्या बाजूला पत्र्याची चकती होती. टिंब टिंब ठोकलेलं. 'साग. गाभा.'

मी बाकीचे दहा उलटे करून बघितले. दहाच्या दहा चकत्या जागेवर.

छत्रीला चकती लावणारा माणूस लाकडावर नुसतं खडूने कशाला लिहील? हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मी तो तुकडा हातात धरून तशीच उभी राहिले. सुमन गेल्यावर आम्ही सगळे कसे सरळ जिना चढायला लागलो होतो, ते आठवलं. पायरीपाशी कोणी थांबत नव्हतं. मीसुद्धा नाही. वर्षभर भाऊ खिडकीत बसून आमची डोकी तेवढी बघत असतील. मग ते तुकडे आले, आणि लोक परत थांबायला लागले.

मागे वळले तर भाऊ. हातात रिकामा डबा. माझ्याकडे बघितलं, लाकडाकडे बघितलं, मग खाली मान घालून म्हणाले, "त्याच्यावर काय लिवलंय ते मला वाचता येत नाय आता. डोळे गेले."

मी म्हटलं, "माझाही चष्मा घरी राहिलाय."

तुकडा होता तसा, चकती खाली करून ठेवून दिला.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग. कुलकर्णींनी पहिलंच विचारलं, "ठरलं का लाकूड?" भाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले. मी उठले. म्हटलं, "मी नीट बघितलंय. ते शिवणीचं आहे."

"शिवण? छे!" गायकवाड उठले. "साग आहे, लिहून देतो!" जोशीबाईंनी आंबा काढला. दोघं-तिघं तुकडा बघायला कंपाऊंडकडे निघाले, तसे भाऊ तुरुतुरु पुढे गेले, तुकड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे मला नका सांगू, पावसाला सांगा!" तासभर नुसता गलका. सिमेंटच्या बाकाचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी कुलकर्णीच थकून म्हणाले, "बरं, आणखी एक पावसाळा बघू."

लोक पांगले. माझे गुडघे आताशा सुमनसारखेच वागतात, म्हणून मी कठड्याला टेकून उभी होते. भाऊ वर गेले आणि थोड्या वेळाने खाली आले. मीटरच्या पेटीखालची पायरी त्यांनी हाताने झाडली आणि काखेतली घोंगडी तिच्यावर टाकली. तीच, घडीच्या जागी विरलेली. कोपऱ्याला बारकी चकती होती, तिच्यावर 'सुमन' एवढंच.

"बसा, ताई," ते म्हणाले. "पावसाला अजून वेळ हाय."