इंजिनाला त्रास देऊ नये

शहर स्वच्छता खात्याकडे दाबाच्या पाण्याने धुण्याचे एक यंत्र होते. कागदोपत्री त्याचे नाव दीड ओळीचे होते, तोंडी सगळे त्याला प्रेशर मशीन म्हणत. मोठ्या रस्त्याखालून जाणारा भुयारी मार्ग आणि त्याच्या पायऱ्या धुणे हे त्याचे काम. भुयाराच्या भिंती बारा महिने झिरपत आणि पायऱ्यांवर शेवाळ धरे. मशीन ते खरवडून काढी, पण पेट्रोल फार पिई. शिवाय त्याचे इंजिन दम लागल्यासारखे खोकत असे. ही बाब गंभीर असल्याचे मोठ्या साहेबांच्या लक्षात आले आणि त्यांनी ती उपअभियंत्याच्या गळ्यात घातली.

उपअभियंता सरळमार्गी माणूस होता. तो सकाळी भुयाराशी जाऊन उभा राहिला आणि पाहू लागला. मशीन चालवणाऱ्याला खात्यात सगळे पिचकारी म्हणत, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला भिजवल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. पिचकारी मध्येच नळीचा खटका सोडी आणि पेपरवाल्याशी गप्पा मारी. पाणी थांबे, इंजिन मात्र पूर्ण रेसवर बोंबलत राही आणि पंप तेच ते पाणी पोटात फिरवून तापत राही. एअर फिल्टर धुळीने बुजला होता. नोझलच्या तोंडात कचरा बसला होता. उपअभियंत्याने फिल्टर बदलला, नोझल साफ करून घेतले आणि आदेश काढला : पाणी मारायचे नसेल तेव्हा इंजिन बंद ठेवावे, विनाकारण इंजिनाला त्रास देऊ नये. महिनाभरात पेट्रोल पाव हिश्शाने वाचले आणि खोकला थांबला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण खात्यात एक रीत होती. या महिन्यात जेवढी बचत झाली, त्याहून जास्त ती पुढच्या महिन्यात व्हायलाच हवी. नाहीतर अहवालात ‘प्रगती खुंटली’ असा शेरा पडे.

“पंचवीस टक्के ही नुसती सुरुवात झाली,” मोठे साहेब म्हणाले. “आता पन्नास करा.”

“साहेब, वाया जात होतं ते थांबवलं. आता जळतं ते कामासाठीच जळतं.”

“मग काम जरा जास्त होतंय का, ते तपासा. आणि हो, तळमजल्याच्या क्वार्टरसाठी तुमचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, बरं का.”

उपअभियंत्याचा विरोध तिथेच विरघळला. तो चौथ्या मजल्यावर राहत होता, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि वडिलांचा गुडघा कामातून गेला होता. म्हातारा प्रत्येक वळणावर थांबे आणि विचारले की म्हणे, “काही नाही रे, जरा बाहेरचं बघतोय.” त्या वळणावर खिडकीच नव्हती. तळमजला मिळाला तर वडिलांचे हाल संपतील, एवढाच स्वार्थ त्याच्या मनात होता आणि त्याला तो स्वार्थ वाटतही नव्हता.

त्याने रेस अर्ध्यावर आणायला सांगितली. धार मवाळ झाली.

“साहेब, ह्या धारेनं बाळाला आंघोळ घालता येईल,” पिचकारी म्हणाला. “शेवाळ कसलं निघतंय?”

“इंजिन कसं आहे?”

“इंजिन मजेत आहे.”

इंजिन मजेत असल्याची नोंद झाली. शेवाळही मजेत होते, कारण त्याला आता आठवड्यातून दोनदा बेताने पाणी मिळू लागले होते. पन्नास टक्के साधले. तेव्हा पंच्याहत्तर मागण्यात आले.

म्हणून नवा नियम झाला : घाण सिद्ध झाल्याखेरीज इंजिन सुरू करू नये. सिद्ध करण्यासाठी समिती नेमली. समिती जीपमधून येई. सभासद खाली उतरून भुयारात डोकावत तोवर जीपचे इंजिन चालूच असे, कारण सभासदांना परत आल्यावर गाडी आतून गारच हवी असे. जीपचे पेट्रोल वाहन विभागाच्या खर्चात पडत असल्याने त्याचा इंधन बचतीशी संबंध नव्हता. पाहणीअंती समितीने एकमताने मत दिले की, शेवाळ ही वनस्पती असून ती घाण या व्याख्येत बसत नाही. उलट पायऱ्यांवरचे हिरवे आच्छादन उद्यान विभागाच्या उद्दिष्टात धरता येईल. उद्यान विभागाने आभाराचे पत्र पाठवले.

मशीन ताडपत्रीखाली गेले. पिचकारीला त्याच्यावरची धूळ झटकण्याचे काम मिळाले आणि तो ते मन लावून बसून करू लागला. बचत शंभर टक्के झाली.

“पुढे?” मोठ्या साहेबांनी विचारले.

“पुढे काय, साहेब? शून्यावर आलो.”

“म्हणजे प्रगती खुंटली.”

उपअभियंता हुशार होता. हुशार माणसाला असे कोंडीत पकडले की तो काय करील याचा नेम नसतो. त्याने मशीनच्या टाकीत उरलेले पेट्रोल काढून भांडारात जमा केले आणि रीतसर पोच घेतली. त्या महिन्याचा वापर शून्याच्याही खाली गेला. ‘पेट्रोल खाण्याऐवजी देणारे यंत्र’ असा मथळा वर्तमानपत्रात आला. दुसऱ्या शहरांतून अभ्यासमंडळे आली, इंजिनावर तळहात ठेवून “अगदी गार आहे हो!” म्हणाली आणि फोटो काढून गेली.

वडील मात्र रोज सकाळी त्याच भुयारातून बागेत जात. तिथे त्यांची म्हाताऱ्यांची बैठक भरे.

“बाबा, भुयारातून जाऊ नका. वरून रस्ता ओलांडा,” एकदा तो म्हणाला.

“वरून? लोक गाड्या अंगावर घालतात रे. आणि भुयार तुझ्याच खात्याचं आहे ना?”

“म्हणून तर सांगतोय.”

वडील खो खो हसले. मुलगा खात्यात राहून विनोदी झाला, असे त्यांनी बैठकीत कौतुकाने सांगितले.

त्याला चैन पडेना. मशीन एकदाच, गुपचूप, तासभर लावावे असे ठरवून त्याने पिचकारीला फोनही लावला. पण लिटरभर पेट्रोल घातले तरी नव्या महिन्याचा आकडा शून्याच्या वर येणार होता, आणि क्वार्टरच्या आदेशावर सोमवारी सही व्हायची होती. “काय साहेब, बोला,” पिचकारी म्हणाला. “काही नाही. धूळ झटकतोस ना?” असे विचारून त्याने फोन ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली. पण चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

सोमवारी आदेश हातात पडला आणि पाठोपाठ बायकोचा फोन आला. वडील भुयाराच्या तिसऱ्या पायरीवरून थेट खाली गेले होते. खुब्याचे हाड मोडले होते.

“अरेरे,” मोठे साहेब म्हणाले. “तळमजला अगदी वेळेवर मिळाला बघा तुम्हाला.”

रुग्णालयातला हाडांचा वॉर्ड भरलेला होता. शेजारच्या खाटेवर पाय टांगून पडलेले गृहस्थ पेपर वाचत होते. उपअभियंत्याने उगीच विचारायचे म्हणून विचारले, “तुम्हाला कुठे लागलं?”

“त्या भुयारात. इथले निम्मे तिथलेच आहेत. लोकांना नीट चालता येत नाही हो, खातं तरी काय करणार?” गृहस्थांनी पेपर पुढे केला. “हे वाचलंत? उणे पेट्रोल! असे अधिकारी पाहिजेत.”

आता सगळे सांगून टाकावे, असे उपअभियंत्याला मनापासून वाटले. तो तोंड उघडणार एवढ्यात वडील उशीवरून मान उचलून म्हणाले, “तो अधिकारी म्हणजे हाच. माझा मुलगा.”

वॉर्डात आनंदाची लाट उसळली. ज्यांचे हात धड होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातला, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस म्हणाला, “साहेब, ह्या रुग्णालयातही फार उधळपट्टी चालते. लिफ्ट दिवसभर वर-खाली करत असते. ती बंद करायला सांगा की कुणाला तरी!”

“बरोबर आहे,” शेजारचे गृहस्थ म्हणाले. “शिस्त लागली पाहिजे.”

वॉर्डभर माना डोलल्या. सकाळी पेपर वाचताना तुमच्याआमच्या डोलतात, अगदी तशाच. माना तेवढ्या अजून कुणाच्याच मोडल्या नव्हत्या.